खोडरबराची पाचर

बाबांच्या कॉम्प्युटरमध्ये सापडलेला खोडरबराचा तुकडा मी एका रविवारी सकाळी कचऱ्यात टाकला. आई त्यांना घेऊन घशाच्या तपासणीसाठी दवाखान्यात गेली होती. दोघं परत यायला दोन तास होते. तेवढ्या वेळात मला ते मशीन उघडून आतली धूळ काढायची होती आणि मग त्यातल्या सगळ्या फायली नव्या डिस्कवर उतरवून घ्यायच्या होत्या. नवी डिस्क माझ्या पर्समध्ये तीन आठवडे पडून होती.

आधी पुसायचं आणि मग कामाला हात लावायचा, ही माझ्या नोकरीची सवय. मी मापनाच्या प्रयोगशाळेत आहे. कारखान्यांतली वजनं, जाडी मोजायची साधनं, दाबमापकं आमच्याकडे तपासायला येतात. काहीही मोजण्याआधी आम्ही ते पुसतो, कारण बोटाचा ठसासुद्धा जाडीत भर घालतो. चिठ्ठी नसलेली वस्तू आमच्या टेबलावर राहत नाही. या सवयी नोकरीच्याही आधीच्या असाव्यात, कारण बाबा मला लहानपणापासून मोजपट्टी म्हणतात.

तो तुकडा डिस्क आणि तिचा पत्र्याचा कप्पा यांच्यामध्ये अडकला होता. अर्धं पांढरं खोडरबर, त्याच्याभोवती घडी घातलेला पुठ्ठा, आणि सगळ्यावर राखाडी धूळ. मला वाटलं, कधीतरी टेबलावरून आत पडलं असेल. मी ते चिमट्याने ओढून काढलं आणि केराच्या डब्यात टाकलं. खाली कचऱ्याची गाडी आली होती, म्हणून लगेच जाऊन डबा रिकामाही करून आले.

मग मशीनचं झाकण लावलं आणि बटण दाबलं. पंखा फिरला, दिवा लागला. पण डिस्कमधून नेहमीची बारीक घरघर आलीच नाही. त्याऐवजी टिक, टिक, टिक असा आवाज आला आणि थांबला.

त्या मशीनमध्ये बाबांचा आवाज होता.

आठ महिन्यांपूर्वी त्यांच्या घशाचं ऑपरेशन ठरलं. बोलता येणार नाही, हे डॉक्टरांनी आधीच स्पष्ट सांगितलं होतं. हातात अकरा दिवस होते. मी रोजच्या बोलण्यात जास्तीत जास्त वापरले जाणारे चारशे शब्द काढले, त्यांना क्रम दिला, आणि यादी बाबांपुढे ठेवली. त्यांनी ती चष्मा कपाळावर चढवून वाचली.

"एकसष्ट नंबरला 'माफ करा' आहे," ते म्हणाले. तेव्हाच त्यांचा आवाज फाटका झाला होता. "हे काढ. आजवर कधी बोललो नाही, आता कशाला मशीनला त्रास?"

"बाबा, हा गरजेचा शब्द आहे."

"तुझ्या गरजेचा. माझ्या यादीत 'पकड' नाही, 'पक्कड' पण नाही. 'गाढवा' कुठे आहे? भागीदार आला तर मी काय मुक्याने बघत बसू?"

त्यांनी एकसष्ट नंबर खोडला आणि स्वतःचे एकोणचाळीस घातले. एकूण चारशे अडतीस. ते शब्द त्यांनी आपल्या जुन्या कॉम्प्युटरवर, दार लावून, एकट्याने रेकॉर्ड केले. कुणी समोर असलं की त्यांना बोलता येत नसे. ऑपरेशननंतर स्क्रीनवर चौकोन मांडले. चौकोनावर बोट टेकवलं की शब्द वाजायचा. नेहमीचे शब्द कीबोर्डच्या बटणांवर कागद चिकटवून दिले. "चहा." "नको." "रेडिओ बंद." माझ्या नावाचा म्हणजे 'मोजपट्टी'चा शब्द तीन प्रकारे होता: साधा, जेवायला हाक मारल्यासारखा, आणि रागावलेला.

मी या शब्दांची प्रत मागायचे तेव्हा ते पाटीवर लिहायचे, "बघू नंतर." आमच्याकडे तोपर्यंत दुकानातली लहान मुलांची पाटी आली होती.

माझं घर म्हणजे कारखान्यातून निघाली तशी एकही वस्तू न उरलेलं घर. टीव्हीच्या आवाजाचं बटण अर्ध्या आगकाडीवर टेकलेलं असतं. प्रिंटर कागद ओढायला कुरकुर करू लागला तेव्हा बाबांनी त्याच्या चाकाला सायकलच्या ट्यूबची पट्टी चढवली. तो अजून ओढतो. माझ्या जुन्या लॅपटॉपची एक बिजागरी म्हणजे चमच्याचा दांडा आहे. आईचा रेडिओ कपडे वाळत घालायचा चिमटा लावल्याशिवाय लागत नाही. आई म्हणायची, "या घरात मी सोडून सगळं दुरुस्त केलेलं आहे." त्यावर बाबा म्हणायचे, "तुला हात लावायची हिंमत कुणाची?"

यातलं काहीही कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं. मी विचारलं की एकच उत्तर: "लिहायचं काय त्यात? उघडलं की दिसतंच."

मी उघडलं होतं. मला दिसलंही होतं. पण त्या वेळी, टिकटिक ऐकताना, माझ्या मनात खोडरबर आलंच नाही. मला वाटलं धूळ कुठेतरी जाऊन बसली, किंवा डिस्कचं वय झालं.

बाबा आले. बूट काढून खुर्चीत बसले आणि 'पाणी' लिहिलेलं बटण दाबलं. काहीच वाजलं नाही. त्यांनी दुसऱ्यांदा दाबलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"सकाळी लावलं तर चालूच होईना," मी म्हणाले. हे खोटं नव्हतं.

त्यांनी मशीनला कान लावला. बराच वेळ तसेच राहिले. मग पाटी घेतली. "माझंच काम कच्चं राहिलं."

कुठलं काम, ते मी विचारलं नाही.

संध्याकाळी सहाला भागीदार काका आले. ते आणि बाबा यांनी बावीस वर्षं दुरुस्तीचं एकच दुकान चालवलं. बाबांनी सोडल्यावर काका एकटे चालवतात. घरात सगळे त्यांना भागीदारच म्हणतात, त्यांची बायकोसुद्धा. रोज सहाला यायचं, बाबांसमोर बसायचं आणि दिवसभरात दुकानात कोण कोण मूर्ख आला ते सांगायचं, हा त्यांचा नेम. बाबा बटणं दाबून उत्तरं द्यायचे. चार-पाच शब्दांत त्यांचं भांडण अगदी पूर्वीसारखं व्हायचं.

काकांनी मशीन ऐकलं आणि म्हणाले, "डिस्क अडखळते आहे. दे माझ्याकडे. दोन दिवसांत बोलतं करतो." त्यांनी ते अख्खंच उचललं आणि पोटाशी धरून जिना उतरले.

ते आले बुधवारी. हातात मशीन, आणि डिस्क वेगळी, प्लास्टिकच्या पिशवीत.

"सगळं करून बघितलं," ते बसता बसता म्हणाले. "उलटी लावली, आडवी लावली, हलकी थाप मारली. शेवटी रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवली, मटारांच्या शेजारी. बायको म्हणते, आता हेच राहिलं होतं शिजवायचं."

"फ्रीजरमध्ये?" मी म्हणाले. "काका, बाहेर काढल्यावर आतल्या धातूवर दव धरतं."

"थंडीने धातू आकसतो, अडकलेलं सुटतं. चार डिस्का मी अशा उठवल्यात. ही पण उठली दोन मिनिटं. मग पुन्हा टिकटिक."

बाबांनी पिशवी हातात घेतली. डिस्क बाहेर काढून उलटी केली, तिच्या पोटाला असलेल्या हिरव्या सर्किटवरून अंगठा फिरवला. मग मशीनच्या कप्प्यात बोट घालून चाचपलं. पाटी घेतली.

"पाचर कुठे?"

"कसली पाचर?"

"खोडरबराची. डिस्कखाली होती."

माझ्या हातातला कप मी खाली ठेवला. तेवढ्या वेळात मला सगळं कळलं. डिस्कचं सर्किट आतल्या भागाला बारीक स्प्रिंगच्या टोकांनी टेकलेलं असतं. ती टोकं जुनी झाली की टेकणं सुटतं. बाबांनी खालून खोडरबर दाबून बसवलं होतं, म्हणजे सर्किट वर टेकून राहील. ती त्यांची दुरुस्ती होती. बहुधा कित्येक वर्षांपूर्वीची.

"पाचरबिचर काही नव्हती रे," काका म्हणाले.

"होती. तू टाकलीस."

"अरे, मी उघडलं तेव्हा आत काहीच नव्हतं! बावीस वर्षांत मी तुझी एक आगकाडी तरी टाकली का?"

"वय झालं तुझं. दिसत नाही तुला."

"माझं वय झालं? आणि तू काय बाळ आहेस?"

बाबांनी पाटी पुसली, आणि खडू मोडेल इतक्या जोरात एकच अक्षर लिहिलं. "जा."

मी बोलायला हवं होतं. एवढंच वाक्य होतं: ती मी टाकली. काका उठले तेव्हा त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी फरशीकडे बघत होते. आमच्या फरशीच्या चौकोनाची बाजू तीस सेंटिमीटर आहे.

काका गेले. गुरुवारी सहाला कुणी आलं नाही, शुक्रवारीही नाही.

बाबांनी गुरुवारी दिवसभर पाचरी केल्या. रबराची चप्पल कापून एक, बाटलीच्या बुचाची एक, पुठ्ठ्याच्या चार घड्यांची एक. उपचारांनंतर त्यांच्या बोटांच्या टोकांना बधिरपणा आला होता. किती दाबलं ते त्यांना समजत नव्हतं. प्रत्येक पाचर घातली की ते कान लावायचे, आणि प्रत्येक वेळी टिकटिक यायची. संध्याकाळी त्यांनी कात्री, पक्कड, बारीक पान्हे, सगळं कापडात गुंडाळलं आणि माळ्यावर ठेवायला आईच्या हातात दिलं. पाटीवर लिहिलं, "हात संपले."

त्यानंतर त्यांनी पाटीलाही हात लावला नाही.

"आधी आवाज गेला," आई स्वयंपाकघरात मला म्हणाली. "ते मी सोसलं. आता आख्खा माणूसच गेला. आणि तो भागीदार, इतक्या वर्षांचा, एका रबराच्या तुकड्यावरून रुसून बसला. मी काय आता भिंतीशी बोलू?"

"येतील ते," मी म्हणाले.

"तू फोन कर की. तुझं ऐकतात दोघं."

मी भांडी पुसत राहिले.

प्रयोगशाळेत एक गोष्ट नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात सांगतात. उपकरणात चूक असली तर बिघडत नाही. चूक किती आहे ते माहीत असलं की झालं. ती वजा करायची आणि पुढे जायचं. बिघडतं ते चूक कुणी लपवली तर. मग त्या उपकरणाने केलेलं पुढचं प्रत्येक मोजमाप खोटं ठरतं. हे वाक्य मी स्वतः किती जणांना सांगितलं असेल. आता माझ्या एका न बोललेल्या वाक्यामुळे बाबांनी आपले हात मोडीत काढले होते आणि मित्रही. रोज सहा वाजता ते मोजमाप आणखी थोडं चुकत होतं.

तरी मी शनिवारी बोलले नाही. शनिवारी मी डिस्क उघडली. आतली बंद पेटी नव्हे, तिला हात लावायचा नसतो. फक्त बाहेरचं हिरवं सर्किट, चार स्क्रू काढून. भिंगातून पाहिलं. स्प्रिंगची टोकं जिथे टेकतात ते सोनेरी ठिपके काळे पडले होते. पाचरीच्या दाबाखाली टोकं त्या काळ्या थरातून आरपार टेकली असतील. पाचर निघाली तशी टोकं जागेवरून हलली, आणि आता नुसत्या दाबाने काम होणार नव्हतं. बाबांच्या पाचरी वाईट नव्हत्या. थर मधे होता.

ठिपके घासायला काय वापरायचं याचा मला विचार करावा लागला नाही. शाळेत असताना बाबांनी मला शिकवलं होतं: खोडरबर नुसतं पेन्सिलीसाठी नसतं. मी कोपऱ्यावरच्या दुकानातून पांढरं खोडरबर आणलं आणि एकेक ठिपका हलक्या हाताने घासला. काळेपणा रबरावर उतरला. खाली सोनं दिसलं.

रविवारी सकाळी मी माळ्यावरून हत्यारांचं गाठोडं काढलं आणि बाबांच्या समोर ठेवलं.

त्यांनी मान हलवली. नको.

"मला तिसरा हात हवाय," मी म्हणाले. "ठिपके साफ केलेत. आता सर्किट नेमकं किती आणि कुठे दाबायचं ते मला कळत नाही. मी मोजून बघितलं. मोजून येत नाही ते."

हे ऐकल्यावर त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मोजून येत नाही, असं मी आजवर कधी म्हटलं नसावं.

मशीन उघडं ठेवून लांब वायरींनी डिस्क टेबलावर आणली, लाकडी पाटावर, पोट वर करून. सर्किटवर अर्धं खोडरबर ठेवलं. बाबांनी त्यावर उजवा अंगठा टेकवला. मग डाव्या हाताने लांब स्क्रूड्रायव्हर घेतला, त्याचं टोक डिस्कच्या पत्र्यावर ठेवलं आणि मूठ कानामागच्या हाडाला लावली. बोटांना जे कळत नव्हतं ते त्यांना हाडातून ऐकू येत होतं. त्यांनी डोळे मिटले आणि मान हलवली. लाव.

मी बटण दाबलं. टिक. अंगठा जरा डावीकडे सरकला. टिक. आणखी जरा, आणि थोडा खाली. मग ती बारीक घरघर सुरू झाली, आठवडाभर न ऐकलेली, आणि स्क्रीनवर फायलींची यादी आली.

बाबांनी डोळे उघडले.

"हलू नका," मी म्हणाले. "सगळं उतरवून घेते."

डिस्क फार हळू वाचत होती. एका शब्दाला सहा-सात सेकंद. म्हणजे जवळपास पन्नास मिनिटं. स्क्रीनवर शब्दांची नावं एकेक करून सरकत होती. चहा. पाणी. इकडे. कुणी. बाबांचे दोन्ही हात अडकले होते. पाटी बाजूच्या खुर्चीवर होती, आवाज डिस्कमध्ये. त्यांना काहीही बोलण्याचं एकही साधन नव्हतं.

हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मला स्वतःची लाज वाटली, कारण बोलण्यासाठी मी नेमकी हीच वेळ निवडत होते. पण ही वेळ गेली असती तर मी दुसरी निवडली नसती, हेही मला माहीत होतं.

दोनशे चार शब्द झाले होते.

"बाबा," मी म्हणाले, "पाचर काकांनी टाकली नाही. मी टाकली. गेल्या रविवारी, तुम्ही दवाखान्यात होतात तेव्हा. मला वाटलं कचरा आहे. बुधवारी तुम्ही विचारलंत तेव्हा मला कळलं, आणि मी गप्प बसले."

टिक.

स्क्रीनवर एक नाव लाल झालं. बाबा माझ्याकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी सांगू शकत नाही. मी त्यांच्या अंगठ्याकडे बघत होते. अंगठा उचलला गेला नव्हता, फक्त सैल पडला होता. टिक. टिक. मग त्याचं नख हळूहळू पांढरं झालं, दाब परत आला, आणि घरघर सुरू झाली. पुढचं नाव सरकलं.

उरलेली पंचवीस मिनिटं आम्ही दोघं तसेच बसून होतो. ते हलले नाहीत. आई एकदा दारात आली, आमच्याकडे बघितलं आणि काही न विचारता परत गेली.

शेवटचा शब्द उतरला तेव्हा त्यांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. अंगठ्यावर खोडरबराचा चौकोनी ठसा उमटला होता. तो त्यांनी चोळला, पाटी ओढून घेतली आणि लिहिलं, "भागीदाराला तू सांग." मग खाली रेघ मारून, "आत्ता."

काकांचं दुकान रविवारी अर्धं उघडं असतं. ते काउंटरमागे एका रेडिओत डोकं घालून बसले होते.

"काका, पाचर मी टाकली," मी उभ्या उभ्याच म्हणाले.

"बस आधी."

"मी मशीन साफ करत होते तेव्हा..."

"माहितेय." त्यांनी डोकं वर केलं नाही. "अगं, मी ते उघडलं तर आत आरशासारखं चकचकीत! तुझ्या बापाने जन्मात कधी मशीन पुसलंय का? तो धुळीला म्हणतो, ती इन्सुलेशन आहे. मी तेव्हाच ओळखलं, मोजपट्टी आत जाऊन आली."

"मग तुम्ही बोलला का नाहीत? त्यांनी तुम्हाला घराबाहेर काढलं."

"तू बोलशील म्हणून." आता त्यांनी वर पाहिलं. "उठताना तुझ्याकडे बघितलं. तू खालीच बघत होतीस. मग म्हटलं, आणखी थोडे दिवस थांबू. चार दिवस लावलेस की गं. मला तर वाटलं आता महिनाभर बायकोच्याच हातचा चहा प्यावा लागतो."

त्यांनी रेडिओची मागची बाजू माझ्यासमोर धरली. "इथे बोट ठेव. दाब. नाही, एवढं नाही. हां." रेडिओ खरखरला आणि कुणीतरी बातम्या सांगू लागलं. "बघ, तुला पण येतं. सहाला येतो म्हणून सांग त्याला."

दुपारी मी सगळ्या फायली माझ्या चमच्याच्या बिजागरीच्या लॅपटॉपवर चढवल्या आणि चौकोन पुन्हा मांडले. उतरलेल्या फायली मोजल्या. चारशे अडतीस. यादीत होते तितकेच. दुसऱ्या कुणी इथे मोजणं थांबवलं असतं. पण एक नाव माझ्यासमोर लाल झालं होतं. तो शब्द आलाच नव्हता. मी तो शोधून काढला: 'दार'. मग चारशे सदतीस भरायला हवे होते. म्हणजे यादीत नसलेली एक फाईल जादा होती. तिला नाव नव्हतं, फक्त तारीख होती, ऑपरेशनच्या आदल्या दिवसाची. ती ऐकायला मी हेडफोन शोधत होते तेवढ्यात सहा वाजले.

काका आले. नेहमीच्या खुर्चीत बसले आणि छताकडे बघू लागले. बाबांनी लॅपटॉप आपल्याकडे वळवला. "बस," त्यांचा आवाज म्हणाला. आठवड्यानंतर घरात त्यांचा आवाज ऐकून आई दारातच थांबली.

"बसलोच आहे," काका म्हणाले.

बाबा चौकोनांवरून बोट फिरवत राहिले. वरून खाली, पुन्हा वर. ते काय शोधत होते ते मला ठाऊक होतं, आणि ते तिथे का नव्हतं तेही. एकसष्ट नंबर त्यांनी स्वतः खोडला होता. पाटी जवळच होती. पण ती त्यांनी घेतली नाही. शेवटी बोट थांबलं.

"अर्धा," आवाज म्हणाला.

दुकानात बावीस वर्षं ते दोघं एक चहा मागवून अर्धा-अर्धा प्यायचे. भांडण झालं की ज्याची चूक असेल त्याने आपल्या कपातला अर्धा आधी समोरच्याला ओतायचा, असा तिथला नियम होता.

काकांनी नजर छतावरून खाली आणली. "अर्धा? चार दिवस गप्प बसवलंस मला. आज पूर्ण पाहिजे."

"गाढवा," आवाज म्हणाला, आणि लगेच पुन्हा, "अर्धा."

"बरं, अर्धा. पण मोठा अर्धा."

आई आत चहा टाकायला गेली. मी म्हणाले, "एक फाईल जादा आहे. लावू का?" बाबांनी भुवया चढवल्या. त्यांना आठवत नसावं. मी ती लावली.

आधी खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग खोकला. मग बाबा, ऑपरेशनच्या आधीचे, फाटक्या पण अखंड आवाजात:

"मोजपट्टी, ऐक. तू एक ना एक दिवस हे मशीन उघडून पुसणार, मला माहीत आहे. डिस्कखाली खोडरबर आहे. तो कचरा नाही. ते काढलंस तर काहीच चालणार नाही. काढू नकोस." मग थोडं थांबून, "भागीदाराला पण सांगून ठेव."

काकांनी मांडीवर थाप मारली.

"अरे शहाण्या! पाचर काढू नका, हे तू त्याच डिस्कमध्ये सांगून ठेवलंस? कुलपाची किल्ली पेटीत ठेवलीस आणि वरून पेटीला कुलूप लावलंस? आयुष्यात एकदा नोंद केलीस, ती ही!"

बाबांचे खांदे हलू लागले. त्यांच्या हसण्याला आता आवाज नसतो. फक्त खांदे हलतात आणि डोळ्यांतून पाणी येतं. त्यांनी पाटी घेतली आणि हसत हसतच लिहिलं, "उघडलं की दिसतंच." मग ती माझ्याकडे सरकवली.

जुन्या डिस्कची आता तशी गरज नाही. पण बाबांनी ती कप्प्यात परत बसवली, नवी पाचर कापून, हाडाला स्क्रूड्रायव्हर लावून. मी पाचरीची जाडी मोजली, सहा पूर्णांक दोन मिलिमीटर, आणि प्रयोगशाळेतल्यासारखी चिठ्ठी चिकटवली: वस्तूचं नाव, जाडी, तारीख, 'काढू नये'. सही बाबांची घेतली. हत्यारं पुन्हा टेबलाच्या खणात आली आहेत. 'दार' हा शब्द काही मिळाला नाही. दार लावायला सांगायचं असलं की बाबा टेबलावर दोनदा टकटक करतात.

ती जादा नोंद एकवीस सेकंदांची आहे. मी तिच्या तीन प्रती केल्या आणि त्या तीन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवल्या.